दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना: आकडे कसे वाचायचे, चाचण्या कशा पारखायच्या

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या कार्डात ३५८४ क्युडा कोअर (गणित करणारे छोटे घटक), १२ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि १९२ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांमधला मार्ग) आहे. आरटीएक्स ४०६० मध्ये ३०७२ कोअर, ८ जीबी व्हीरॅम आणि १२८ बिटची बस. नुसत्या या आकड्यांवर निकाल लावायचा तर २०२१ चं जुनं कार्ड २०२३ च्या नव्या कार्डाला तिन्ही बाबतींत भारी पडतं. प्रत्यक्षात १०८०पी वर (१९२० × १०८० पिक्सेलच्या चित्रावर) बहुतेक गेममध्ये नवं कार्डच साधारण पंधरा ते वीस टक्के पुढे असतं. तरीही काही कामं अशी आहेत, जिथे जुनं कार्ड नव्याला सहज मागे टाकतं.

म्हणूनच तुलना शिकायला ही जोडी उत्तम. पुढची सगळी पद्धत याच दोन कार्डांवर चालवून दाखवतो. तुमची जोडी वेगळी असली तरी पायऱ्या त्याच. एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून ठेवा. कार्ड कुठे अडेल ते स्पेसिफिकेशनवरून कळतं, आणि अडेपर्यंत किती पळेल ते चाचण्यांवरून. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की गोंधळ होतो.

## पायरी १: आधी स्वतःचं काम लिहून काढा

ही पायरी सगळे गाळतात. कोणतेही आकडे बघण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो), रोज वापरात असलेले गेम किंवा सॉफ्टवेअर, प्रोसेसर आणि मदरबोर्ड, आणि पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे ते.

रिझोल्यूशनने कार्डावरचा भार किती बदलतो ते बघा. १०८०पी म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख आणि ४के म्हणजे ८२.९ लाख. ४के वर चौपट काम पडतं, त्यामुळे १०८०पी वरची क्रमवारी ४के वर तशीच राहील असं धरून चालू नका. रिफ्रेश रेटचंही तसंच. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर ११० एफपीएस (सेकंदाला ११० फ्रेम) आणि १३० एफपीएस यांतला फरक डोळ्यांना फारसा दिसणार नाही. मग त्या फरकासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

## पायरी २: नावावर जाऊ नका

एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली जातात, आणि हे अपवादाने नाही तर नेहमी घडतं. आरटीएक्स ३०६० ची ८ जीबीवाली आवृत्तीही आहे. तिच्यात कोअर तेवढेच, पण बस १२८ बिटची. त्यामुळे बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा वेग, सेकंदाला ३६० जीबीवरून २४० वर येते. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी आवृत्त्यांत फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण कोअरही ११५२ आणि १२८० असे वेगळे होते. सगळ्यांत वाईट उदाहरण जीटी १०३० चं. त्याची जीडीडीआर५ आवृत्ती सेकंदाला ४८ जीबी देते, तर डीडीआर४ आवृत्ती जेमतेम १६.८. बाहेर नाव मात्र एकच.

आरटीएक्स ४०८० ची १२ जीबी आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली, नावावरून टीका झाल्यावर एनव्हिडियाने ती ऑक्टोबरमध्ये मागे घेतली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड आरटीएक्स ४०७० टीआय म्हणून बाजारात आलं. नाव हा विक्रीविभागाचा निर्णय असतो, हे याहून उघडपणे क्वचितच दिसलं असेल.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी व्हीरॅम आहे. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. त्यातही लॅपटॉप बनवणारी कंपनी त्या चिपला किती वॉट देते यावर वेग ठरतो. एकाच चिपचे दोन लॅपटॉप म्हणूनच चाचणीत बरेच वेगळे दिसू शकतात. लॅपटॉपची तुलना करताना वॉटचा आकडा मिळाला नाही, तर ती तुलना अपुरी समजा.

म्हणून कार्डाचं पूर्ण नाव, व्हीरॅम किती, बस किती बिटची आणि डेस्कटॉप की लॅपटॉप, एवढं लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ३: आकडे समोरासमोर मांडा

| बाब | आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) | आरटीएक्स ४०६० |
|---|---|---|
| चिप | जीए१०६ | एडी१०७ |
| क्युडा कोअर | ३५८४ | ३०७२ |
| बूस्ट क्लॉक | १७७७ मेगाहर्ट्झ | २४६० मेगाहर्ट्झ |
| एल२ कॅश | ३ एमबी | २४ एमबी |
| व्हीरॅम | १२ जीबी जीडीडीआर६ | ८ जीबी जीडीडीआर६ |
| मेमरी बस | १९२ बिट | १२८ बिट |
| मेमरीचा वेग (दर पिनला) | १५ गिगाबिट प्रति सेकंद | १७ गिगाबिट प्रति सेकंद |
| बँडविड्थ | ३६० जीबी प्रति सेकंद | २७२ जीबी प्रति सेकंद |
| पीसीआयई | ४.०, १६ लेन | ४.०, ८ लेन |
| वीज | १७० वॉट | ११५ वॉट |

आता यातल्या एकेका आकड्याचं खरं वजन किती ते पाहू.

कोअर आणि क्लॉक (चिपचा वेग). हे दोन एकत्रच वाचायचे. कोअर गुणिले २ गुणिले क्लॉक (गिगाहर्ट्झमध्ये) करून १००० ने भागलं की टेराफ्लॉप्स मिळतात, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात तो आकडा. ३०६० साठी ३५८४ × २ × १.७७७ गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स. ४०६० साठी ३०७२ × २ × २.४६० म्हणजे सुमारे १५.१. कोअर कमी असूनही नवं कार्ड पुढे का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे: चिप बनवण्याच्या नव्या प्रक्रियेमुळे क्लॉक खूप वर गेला.

पण टेराफ्लॉप्सवर सगळा भरवसा ठेवू नका. एकाच पिढीतल्या दोन कार्डांसाठी हा आकडा बरा. पिढी किंवा कंपनी बदलली की तो फसवतो. आरटीएक्स २०८० टीआय सुमारे १३.४ टेराफ्लॉप्सचं आणि आरटीएक्स ३०७० सुमारे २०.३ टेराफ्लॉप्सचं. कागदावर दीडपट फरक, आणि गेममध्ये दोन्ही जवळपास बरोबरीने चालतात. कारण असं, की त्या पिढीत एनव्हिडियाने कोअर मोजण्याच्या मुळाशी असलेली रचनाच बदलली. आधी पूर्णांकांच्या गणितासाठी राखून ठेवलेला मार्ग आता दशांश गणितही करू लागला, म्हणून कोअरचा आकडा एकदम फुगला. गेममध्ये मात्र दोन्ही प्रकारची गणितं मिसळलेली असतात, त्यामुळे सगळे मार्ग एकाच कामाला कधीच मिळत नाहीत. एएमडीचं आरएक्स ७६०० कागदावर सुमारे २१.५ टेराफ्लॉप्स दाखवतं, पण रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याची पद्धत) नसलेल्या गेममध्ये ते ४०६० च्या आसपासच असतं. तिथेही एका वेळी दोन सूचना चालवण्याची सोय गृहीत धरून तो आकडा काढलेला असतो, आणि ती सोय प्रत्येक वेळी लागू होत नाही.

बँडविड्थ आणि कॅश. बसचे बिट भागिले ८ गुणिले मेमरीचा वेग, हे साधं गणित. १९२ ÷ ८ × १५ = ३६० आणि १२८ ÷ ८ × १७ = २७२. इथे नवं कार्ड जवळपास चोवीस टक्के मागे आहे. ती उणीव भरून काढायला त्यात आठपट एल२ कॅश (चिपच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) दिली आहे: जो डेटा चिपच्याच आत सापडतो, त्यासाठी मेमरीकडे जावंच लागत नाही. एएमडीने आपल्या इन्फिनिटी कॅशमध्ये हीच युक्ती वापरली. मात्र या युक्तीला मर्यादा आहे. रिझोल्यूशन वाढलं की हाताळायचा डेटा वाढतो, कॅशमध्ये सापडण्याचं प्रमाण घटतं आणि अरुंद बस उघडी पडते. त्यामुळे १०८०पी वर ठळक दिसणारी ४०६० ची आघाडी रिझोल्यूशनसोबत आक्रसत जाते.

व्हीरॅम. इथे जरा थांबा, कारण नंतर पस्तावणारे बहुतेक जण याच ठिकाणी चुकलेले असतात. व्हीरॅम जास्त असल्याने कार्ड वेगवान होत नाही. लागणारा डेटा ६ जीबीत मावत असेल, तर ८ काय आणि १२ काय, फरक शून्य. पण मागणी ९ जीबीवर गेली की चित्र एकदम पालटतं. उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ढकलला जातो आणि पीसीआयई मधून (कार्ड आणि मदरबोर्ड यांमधली जोडणी; लेन म्हणजे तिच्यातल्या समांतर वाटा) ये-जा करू लागतो. ४०६० ला आठच लेन आहेत. पीसीआयई ४.० वर त्यातून एका दिशेला सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, आणि मदरबोर्ड पीसीआयई ३.० चा असेल तर जेमतेम ८. कुठे २७२ आणि कुठे ८!

पडद्यावर हे कसं दिसतं? कधी सरासरी एफपीएस ठीकच राहतो, पण वळण घेताना किंवा नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर अडतं. कधी गेम स्वतःच टेक्श्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा) दर्जा गुपचूप उतरवतो. एफपीएस उत्तम, आणि समोरची भिंत मात्र धुरकट. हा दुसरा प्रकार कुठल्याच आलेखात येत नाही. तो बघण्यासाठी दोन्ही कार्डांचं दृश्य शेजारी शेजारी ठेवावं लागतं.

लेनचा मुद्दा जुन्या मदरबोर्डवाल्यांनी विशेष तपासावा. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आणि ४ जीबी व्हीरॅम. पीसीआयई ३.० वर त्याची घसरण डोळ्यांत भरण्याएवढी होते.

## पायरी ४: चाचण्या पारखून घ्या

आलेख बघताना सगळ्यांत आधी बारीक अक्षरातली ओळ वाचा: कोणता प्रोसेसर, कोणतं रिझोल्यूशन, कोणती सेटिंग, आणि अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र मोठं करून दाखवणं) किंवा फ्रेम जनरेशन चालू होतं का. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० जाहीर करताना ४०९० एवढ्या कामगिरीचा दावा केला. ५०७० मध्ये ६१४४ कोअर आहेत, ४०९० मध्ये १६३८४. तो दावा मल्टी फ्रेम जनरेशनच्या जोरावर होता, म्हणजे बऱ्याच फ्रेम गेमने तयार केलेल्या नसून मधल्या मध्ये अंदाजाने भरलेल्या. हालचाल गुळगुळीत दिसते हे खरं. पण तुमच्या कळ दाबण्याला प्रतिसाद मिळतो तो गेमने खरोखर बनवलेल्या फ्रेमनुसारच. म्हणून फ्रेम जनरेशन बंद असतानाचे आकडेच तुलनेला धरा आणि ती सोय वेगळ्या रकान्यात लिहा.

अपस्केलिंगचंही असंच. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंगच्या क्वालिटी मोडमध्ये १४४०पी चं चित्र आतून ९६० ओळींवर तयार होतं, आणि ४के चं १४४० वर. एका कार्डाचा आकडा अपस्केलिंगसह आणि दुसऱ्याचा त्याशिवाय, अशी तुलना म्हणजे दोन वेगवेगळ्या परीक्षांचे गुण एकत्र लावणं.

आता सरासरीबद्दल. समजा, एका सेकंदात ९० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदात आल्या आणि एका फ्रेमला १०० मिलिसेकंद लागले. सरासरी ९१ एफपीएस, म्हणजे झकास. खेळणाऱ्याला मात्र दर सेकंदाला एक ठसका बसतो. हे पकडायला ‘१ टक्का लो’ हा आकडा असतो. तो काढण्याच्या पद्धती दोन आहेत: कुणी सगळ्यांत संथ एक टक्का फ्रेमची सरासरी घेतं, कुणी फक्त त्या सीमेवरची फ्रेम. त्यामुळे एका ठिकाणचा १ टक्का लो दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून बघू नका.

अनेक गेमची मिळून सरासरी काढतानाही असाच सापळा असतो. समजा, अ कार्ड पहिल्या गेममध्ये ३०० आणि दुसऱ्यात ६० एफपीएस देतं. ब कार्ड ३६० आणि ४५. साधी सरासरी काढली तर अ १८० आणि ब २०२.५, म्हणजे ब साडेबारा टक्के पुढे! पण गुणोत्तरं बघा: पहिल्यात ब १.२ पट, दुसऱ्यात ०.७५ पट. त्यांची भूमितीय सरासरी (दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ) ०.९५ येते, म्हणजे ब पाच टक्के मागे. ३०० चे ३६० झाल्याने कुणाचं फारसं काही बदलत नाही, पण ६० चे ४५ झाले की लगेच जाणवतं. निकाल भूमितीय सरासरीचा आहे का हे पाहा; नसेल तर प्रत्येक गेमची टक्केवारी स्वतः काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटची गाळणी प्रोसेसरची. चाचणी घेणारे बहुधा सगळ्यांत वेगवान प्रोसेसर लावतात, आणि ते योग्यच आहे. तुलना कार्डांची आहे. पण तुमचा प्रोसेसर जुना असेल तर दोन्ही कार्डं तुमच्याकडे एकसारखीच चालतील. हे आजच तपासता येतं. नेहमीच्या गेममध्ये सध्याच्या कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर नवं कार्ड फरक पाडेल. फ्रेमवर मर्यादा न लावताही तो ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल, तर अडथळा बहुधा दुसरीकडे आहे.

## पायरी ५: जमलं तर स्वतः मोजा

दोन्ही कार्डं हाताशी असतील, किंवा जुनं तुमचं आणि नवं परत करण्याच्या मुदतीत असेल, तर मोजमाप घरीच करता येतं. कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन हे प्रोग्रॅम फ्रेमटाइम (प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ) नोंदवतात. एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर पडद्यावरच आकडे दाखवतात.

दोन कंपन्यांची कार्डं अदलाबदल करत असाल तर मध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून जुना ड्रायव्हर पुसून टाका. व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. बायोसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाच्या सगळ्या मेमरीपर्यंत एकदम पोहोचू देणारी सोय) दोन्ही वेळा सारखाच ठेवा. इंटेलच्या आर्क कार्डांना तर तो चालू असणं गरजेचंच आहे. मग कार्ड दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, कारण थंड कार्ड थोडा वेळ जास्त क्लॉकवर पळतं आणि तोच आकडा नोंदला जातो. त्यानंतर गेममधला एकच मार्ग, मिनिटभर, प्रत्येक कार्डावर तीन वेळा. तिन्हींत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक येत असेल तर मागे काहीतरी चालू आहे: अपडेट, अँटिव्हायरस, ब्राउझर. ते शोधून पुन्हा मोजा. आणि दोन कार्डांतला फरकच दोन-तीन टक्क्यांचा असेल, तर ती बरोबरी धरा.

३डीमार्कसारख्या तयार चाचण्या कार्ड नीट चालतंय की नाही हे बघायला चांगल्या. तिथे तुमच्याच मॉडेलचे इतरांचे गुण बघून ताडता येतं. खरेदीचा निर्णय मात्र त्यावर घेऊ नका.

## पायरी ६: गेमपलीकडची कामं

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं बनवायच्या प्रोग्रॅममध्ये, सीन व्हीरॅममध्ये मावत असेल तोवर, ४०६० पुढे राहतं. ब्लेंडर ओपन डेटा या संकेतस्थळावर दोन्हींचे गुण कुणालाही बघता येतात. सीन मावेनासा झाला की एकतर रेंडर रेंगाळतो किंवा मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबतो.

व्हिडिओवाल्यांसाठी एकच ओळ निर्णायक ठरू शकते: ३०६० एव्ही१ (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याचा एक प्रकार) व्हिडिओ फक्त वाचू शकतं, ४०६० तो एन्कोडही करू शकतं, म्हणजे त्या प्रकारात बनवूही शकतं.

घरच्या घरी भाषा मॉडेल (मजकूर तयार करणारी एआय) चालवायची असतील तर गणित सोपं आहे. १३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये बसवलं तर दर पॅरामीटरला अर्धा बाइट, म्हणजे नुसत्या पॅरामीटरनाच साडेसहा जीबी. त्यावर संदर्भासाठी लागणारी मेमरी, शिवाय विंडोज आणि ब्राउझर खातात ती वेगळी. ८ जीबीत ते घुसमटतं, १२ जीबीत सुखाने बसतं. हेच ते काम, जिथे जुनं ३०६० नव्या भावंडाला मागे टाकतं. शिवाय इथे मजकूर तयार होण्याचा वेग बराचसा मेमरी बँडविड्थवर ठरतो, आणि तिथेही ३६० विरुद्ध २७२ असा सामना आहे.

## पायरी ७: वीज, जागा आणि किंमत

१७० आणि ११५ वॉटमध्ये ५५ वॉटचा फरक. रोज चार तास पूर्ण भार धरला तर दिवसाला ०.२२ युनिट, वर्षाला सुमारे ८० युनिट. आपल्या दराने गुणून किंमतीत मिळवा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ८ पिनच्या जोडणीतून १५०. त्यावरून पॉवर सप्लायला योग्य वायर आहेत का ते बघा. कार्डाची लांबी आणि जाडी मापून घ्या. एकाच चिपच्या दोन-तीन पंख्यांच्या महागड्या आवृत्त्यांत वेगाचा फरक मोजक्या टक्क्यांचाच असतो. जास्त पैसे फक्त शांत पंख्यांसाठी द्यावेत, ओव्हरक्लॉकच्या स्टिकरसाठी नाही.

किंमत प्रति फ्रेम काढताना स्वतःच्या गेमचेच आकडे घ्या. ३०६० ची किंमत १०० आणि फ्रेम १०० मानल्या, आणि ४०६० ची किंमत ११० व फ्रेम ११८ असतील, तर दर फ्रेमचा भाव ३०६० साठी १ आणि ४०६० साठी ०.९३ पडतो. मग फक्त १०८०पी वर खेळणाऱ्याने नवं घ्यावं. स्थानिक एआय मॉडेलं किंवा जड टेक्श्चरचे मॉड (गेममध्ये इतरांनी केलेले बदल) वापरणाऱ्याने मात्र हा भागाकार बाजूला ठेवून १२ जीबी पाहावेत. दोन्ही कामं असतील तर मी व्हीरॅमच्या बाजूने झुकेन, कारण सेटिंग खाली आणून वेग मिळवता येतो, मेमरी नंतर वाढवता येत नाही.

वापरलेलं कार्ड घेत असाल तर पैसे देण्याआधी जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. कोअर, बस आणि व्हीरॅम वरच्या तक्त्याशी ताडा. कार्डाचा बायोस बदलून जुन्या चिपला नवं नाव दिलेली कार्डं फिरत असतात, आणि त्यातली बरीच हा प्रोग्रॅम बनावट म्हणून ओळखतो. बस इंटरफेसच्या रकान्यात कार्ड निवांत असताना पीसीआयईची आवृत्ती १.१ दिसली तर घाबरू नका, वीज वाचवण्यासाठी कार्ड तसं करतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट लावा. भार पडल्यावर मदरबोर्डला शोभेल एवढी आवृत्ती आणि कार्डाला आहेत तेवढ्या लेन दिसल्या पाहिजेत. कमी दिसल्या तर आधी कार्ड काढून स्लॉटमध्ये पुन्हा नीट बसवा आणि परत तपासा.